अम हाआरेत्स : राजा बसवणारे की अडाणी?

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारात ‘देशचे लोक’ राजाला गादीवर बसवतात. त्यासाठीचा हिब्रू शब्द ‘अम हाआरेत्स’ पुढे अडाणी माणसाला हिणवायला वापरला गेला, असे वाचले. हे कसे घडले?

उत्तर : ‘अम’ म्हणजे लोक, ‘आरेत्स’ म्हणजे भूमी. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात पत्नी सारेच्या दफनासाठी जागा मागताना अब्राहाम हेब्रोनच्या अम हाआरेत्सपुढे, म्हणजे हेथी लोकांपुढे, लवून नमन करतो. ते तिथले जमीनधारक. यहूदाच्या राज्यात या मंडळींचे वजन मोठे होते. आमोन राजाच्या मारेकऱ्यांना त्यांनीच ठार केले आणि योशीयाला गादी दिली. मिसरच्या फारोची खंडणी भरण्यासाठी पुढे यहोयाकीम राजाने सोने-चांदी उकळली, तीही त्यांच्याकडूनच. त्यामुळे इथे ‘गोरगरीब जनता’ असा अर्थ लावला की चुकते. २ राजे २४:१४ मध्ये कंगालांविषयी बोलायचे आहे, तर ‘दल्लत’ हा वेगळा शब्द आधी जोडावा लागला आहे.

इ. स. पू. ५८६मध्ये यहूदाची राजधानी यरुशलेम बाबेलच्या हाती पडली. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या तोंडी हा शब्द ‘ते दुसरे’ अशा अर्थाने येऊ लागला. बायबलच्या एज्रा आणि नहेम्या या पुस्तकांमध्ये तो बहुधा अनेकवचनी आहे : ज्यांच्याशी सोयरीक करायची नाही, शब्बाथला ज्यांच्याकडून माल घ्यायचा नाही, ते आसपासचे लोक.

इ. स. २००च्या सुमारास मिश्ना, म्हणजे यहूदी धर्मनियमांचा संग्रह, संकलित झाली, तोवर शब्द समूहावरून एकट्या माणसावर आला होता. आता ‘तो एक अम हाआरेत्स’ असे म्हणता येऊ लागले, आणि तो माणूस यहूदीच होता.

प्रश्न : अशा माणसाशी व्यवहार करताना काय पथ्ये असत?

उत्तर : अडचण दोन गोष्टींची होती, दशमांश आणि शुद्धता. याजकाचा वाटा (तेरुमा) तो काढतो यावर विश्वास होता. लेवीचा, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या कुळातल्या माणसाचा, दहावा हिस्सा (दशमांश) काढतो यावर नव्हता. त्याच्याकडून घेतलेल्या अशा संशयित धान्याला ‘देमाय’ म्हणत. १०० मापे घेतली, तर १० लेवीची ठरवायची आणि त्यांतले १ याजकाला द्यायचे. ते १ माप इतर कोणी खाणे महापाप, म्हणून त्यात सूट नाही. उरलेली ९ मात्र घेणारा स्वतःकडे ठेवू शके, कारण दशमांश आधीच निघाला नव्हता हे लेवीला सिद्ध करता येत नसे. वाद पैशाचा असला की पुरावा मागणाऱ्याने द्यायचा, हा तिथला नियम. व्यवहाराला धरूनच आहे म्हणा ना.

शुद्धता कसोशीने पाळणारा तो ‘हावेर’. तो अम हाआरेत्सला ओला किंवा सुका माल विकत नसे, त्याच्याकडून ओला घेत नसे, त्याच्या घरी पाहुणा जात नसे आणि त्याला त्याच्याच कपड्यांत घरात घेत नसे. ओल्या मालाची एवढी धास्ती का? पाणी, दव, द्राक्षारस, तेल, रक्त, दूध, मध यांपैकी काही लागल्याशिवाय धान्य-फळांना विटाळ होतच नाही. सणाच्या दिवसांत यरुशलेमात मात्र शुद्धतेबाबत सगळ्यांवर विश्वास ठेवत. यात्रेला लोटलेली गर्दी घरोघर पारखून घेणे कोणाला जमणार?

प्रश्न : मग ‘अडाणी’ हा अर्थ कुठून आला?

उत्तर : विद्येला मान चढला तिथून. ७० साली मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर त्या मानाला आणखी बळ मिळाले. जन्माने अनौरस पण विद्वान असलेला माणूस अम हाआरेत्स महायाजकाच्या आधी, असे मिश्ना बजावते; म्हणजे घराण्याचा किंवा पैशाचा इथे संबंध नाही. तालमूद म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेचा ग्रंथ; त्याच्या बराखोत भागात (४७ब) व्याख्यांवर वाद आहे : सकाळ-संध्याकाळ ‘शेमा’ ही प्रार्थना न म्हणणारा, दाराला मेझुझा (शास्त्रवचनांची गुंडाळी) न लावणारा, मुलांना तोरा (धर्मशास्त्र) न शिकवणारा. सर्वांत कडक मत असे, की शास्त्र आणि मिश्ना शिकला पण विद्वानांच्या सहवासात राहून त्यांची सेवा केली नाही, तोही अम हाआरेत्सच.

यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या यहूदींच्या भाषेत, याचा ‘अमोरेत्स’ झाला, अर्थ सरळ ‘अज्ञ’. त्याचे अनेकवचन ‘अमरात्सिम’ असे शेवटाला प्रत्यय लावून होते. दोन शब्द होते याची आठवणही बोलणाऱ्यांनी ठेवली नाही.