कोल्हापुरात स्पीड स्केटिंग करणाऱ्या मुलीला सोबत ट्रॅक सायकलिंग झेपेल का?

हो, झेपेल, बिनधास्त करू द्या. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा लुडिंग-रोथेनबुर्गरनं १९८८ मध्ये कॅलगरीला १००० मीटर स्केटिंगचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी सोलला सायकलिंगच्या स्प्रिंटमध्ये रौप्य. एकाच वर्षात हिवाळी आणि उन्हाळी, दोन्ही ऑलिंपिकची पदकं दुसऱ्या कुणालाच मिळाली नाहीत! अमेरिकेच्या शीला यंगनंही हे दोन्ही खेळ गाजवले. कारण सरळ आहे: दोन्हीकडे पाठ आडवी, गुडघे वाकलेले, सगळा जोर मांड्यांचा, वळणंही डावीकडेच. फक्त ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतंच. त्यामुळे ती रंकाळ्याच्या रस्त्यावर अजिबात नको. पुण्यात बालेवाडीच्या वेलोड्रोमवर (सायकल शर्यतींसाठीच्या खास ट्रॅकवर), प्रशिक्षकासमोरच सुरुवात करा.