छंद-सल्ला : आगाऊ नोंदणी आणि पंखातले तडे

प्रश्न : मी भुसावळला राहतो आणि चार वर्षांपासून १:४०० प्रमाणातील (खऱ्याच्या चारशेव्या भागाएवढी) प्रवासी विमानांची धातूची मॉडेले जमवतो, त्यांत बहुतेक एअर इंडियाची आहेत. नव्या मॉडेलांची घोषणा झाली की सगळीच आगाऊ नोंदवावीशी वाटतात. नोंदवावीत की थांबावे? शिवाय एका जुन्या जंबोच्या (बोइंग ७४७) पंखाच्या मुळाशी बारीक तडे गेले आहेत. हा आपल्याकडच्या उन्हाळ्याचा परिणाम असेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : घोषणेसोबतचे चित्र पुष्कळदा संगणकावर तयार केलेले असते, प्रत्यक्ष मॉडेलचे नसते. साचा बनवणे खर्चाचे काम असल्यामुळे उत्पादक एकच साचा अनेक विमानसेवांच्या रंगांत वापरतात आणि चुका होतात त्या येथेच. इंडिगोच्या ए-३२० निओ विमानांना सुरुवातीला प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने होती, पुढच्या विमानांना सीएफएमची लीप इंजिने आली. तेव्हा भारतीय विमानांचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक एका विमानाचा आणि इंजिन दुसऱ्याच जातीचे, असे मॉडेल कपाटात कायम सलत राहते. क्रमांक वाचावा, त्याच विमानाची छायाचित्रे शोधून ताडून पाहावीत आणि मगच पैसे भरावेत.

आपण एकाच विमानसेवेला धरून आहात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. १९७१ मध्ये आलेले पहिले जंबो ‘एम्परर अशोका’ किंवा डिसेंबर २०२३ मध्ये नव्या रंगसंगतीत दाखल झालेले पहिले ए-३५० यांसारखे मॉडेल जाहीर झाले, तर जरूर नोंदवावे, कारण अशी मॉडेले मर्यादित संख्येत निघतात आणि ती पुन्हा निघतीलच असे नाही. बाकीच्यांसाठी प्रत्यक्ष मॉडेलची छायाचित्रे येईपर्यंत थांबावे. जुन्या जंबोच्या खिडक्यांभोवती रंगवलेले लाल झरोके भिंगाखाली पाहण्यासारखे असतात : या प्रमाणात खिडकी जेमतेम एक मिलिमीटर उंच, तिच्याभोवतीची रेघ केसाएवढी, आणि नाकाकडे जेथे विमानाचे अंग वळते तेथे छपाई किंचित जरी सरकली तरी झरोका खिडकीवरून घसरलेला दिसतो. जळगावला उतरणारे पंख्यांच्या इंजिनांचे छोटे विमान एटीआर-७२ घ्यायचे झाल्यास मी १:२०० प्रमाण सुचवीन. १:४०० मध्ये ते सात सेंटिमीटरही भरत नाही आणि त्याचे पंखे जाडसर दिसतात.

आता तडे. ही मॉडेले जस्ताच्या मिश्रधातूची असतात. ओतकामाच्या वेळी त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली, तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो आणि तडकतो. दोष मुळातला असतो. उष्णता आणि दमटपणा त्याला वेग देतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसभर कूलर चालतो आणि मॉडेलांचे कपाट पुष्कळदा त्याच खोलीत असते, म्हणून ते कूलरच्या झोतातून हलवावे, पश्चिमेच्या भिंतीलाही लावू नये. तडे केवळ रंगात असतील तर काळजी नको. पंख फुगलेला किंवा वाकलेला असेल तर मात्र त्यावर उपाय नाही. हा दोष शेजारच्या मॉडेलांना लागत नाही, त्यामुळे ते जंबो संग्रहातून काढण्याची गरज नाही. फक्त त्याचा भार नाजूक चाकांवर न ठेवता पोटाखाली आधार द्यावा आणि उचलताना पंखाला हात लावू नये.