बोटांची सवय आणि लिनक्सचा तोंडवळा : वाचकांची प्रश्नोत्तरे

विंडोज 10 ची नेहमीची अद्यतनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूरच पालटला. पूर्वी लोक विचारायचे, लिनक्स म्हणजे काय? आता विचारतात, विंडोजऐवजी संगणकावर टाकायची ही मोफत यंत्रणा विंडोजसारखी दिसेल का? हा प्रश्न मला अजिबात उथळ वाटत नाही. वीस-पंचवीस वर्षं डाव्या कोपऱ्याकडे जाणारा हात एका रात्रीत दुसरीकडे वळत नाही.

माझे बाबा 71 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. त्यांचा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा, 8 जीबी रॅमचा. बातम्या, बँक, यूट्यूब, मराठीत पत्रं आणि छपाई एवढंच त्यांचं काम. लिनक्स टाकून ते हुबेहूब विंडोज 10 सारखं कसं करू, म्हणजे त्यांना बदल कळणारच नाही? – एक वाचक, सातारा

या लॅपटॉपवर विंडोज 11 रीतसर बसणार नाही, कारण ते आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मागतं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा-अद्यतनांची वाढीव मुदत दिली आहे, पण ती ऑक्टोबर 2026 पर्यंतच. तेव्हा लिनक्सचा विचार योग्य आहे. 8 जीबी रॅम भरपूर झाली. हार्डडिस्क जुनी, फिरत्या तबकडीची असेल तर आधी एसएसडी बसवा. कुठल्याही थीमपेक्षा बाबांना त्याने जास्त बरं वाटेल.

मी लिनक्स मिंट हे वितरण, म्हणजे लिनक्सचा तयार संच, सुचवेन, त्यातही सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे पट्टी, मेनू, खिडक्यांची मांडणी. मिंटच्या 22 मालिकेला 2029 पर्यंत आधार आहे. सिनॅमन का, हे सांगतो. एप्रिल 2011 मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली आणि तिने खालची पट्टी, कोपऱ्यातला मेनू ही जुनी मांडणी सोडून दिली. मिंटच्या मंडळींना ते पटलं नाही आणि त्यातून सिनॅमन उभं राहिलं. त्यामुळे विंडोजच्या सवयीची मांडणी इथे वरून चिकटवलेली नाही, ती पायातच आहे. अद्यतनं आली तरी ती विस्कटत नाही.

आता 'हुबेहूब'बद्दल. माझ्या आत्याला मी असंच मिंट बसवून दिलं होतं. खिडक्यांच्या कडा, रंग, आयकॉन यांकडे तिने पाहिलंही नाही. ती अडली पेनड्राइव्हपाशी. विंडोजमध्ये ती 'धिस पीसी' उघडून पेनड्राइव्ह शोधायची. इथे तो थेट डेस्कटॉपवर उमटत होता आणि नेमका तिथेच तिला दिसत नव्हता. 'कॉम्प्युटर'चा आयकॉन डेस्कटॉपवर वरच्या डाव्या कोपऱ्यात आणून ठेवला आणि तिचं काम सुरू झालं. सवय डोळ्यांपेक्षा बोटांत असते. म्हणून नक्कल करायचीच तर जागांची करा, रंगांची नंतर.

एक सकाळ बाबांच्या शेजारी बसा आणि ते कशाला हात लावतात ते लिहून काढा. क्रोम पट्टीवर कितव्या क्रमांकाला आहे, फोटो कुठल्या फोल्डरात आहेत, पत्राची फाइल डेस्कटॉपवर आहे की डॉक्युमेंट्समध्ये. नव्या यंत्रणेत अगदी त्याच क्रमाने मांडा. विंडोजची कळ दाबली की मेनू उघडतो, विंडोज-डीने डेस्कटॉप दिसतो, विंडोज-ईने फायली उघडतात, ऑल्ट-टॅब तर तसंच आहे. विंडोज-एलने पडद्याला कुलूप लागतं का ते मात्र तपासा. लागत नसेल तर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये शॉर्टकट जोडा. पट्टीची उंची थोडी वाढवा, अक्षरांचा आकार फॉन्टच्या सेटिंग्जमधून मोठा करा. आणि 'टाइमशिफ्ट' चालू ठेवा. काही बिघडलं तर कालच्या स्थितीवर परत जाता येतं.

हे सगळं करण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा, डिस्कला हात न लावता. प्रिंटर छापतो का, आवाज येतो का, बँकेचं पान उघडतं का, हे तिथेच कळेल.

'बदल कळणारच नाही' या इच्छेशी मात्र मी सहमत नाही. सगळं तंतोतंत तसंच दिसलं तर बाबा उद्या एखादी विंडोजची .ईएक्सई फाइल उतरवतील, ती चालणार नाही आणि आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटेल. मेनूवर मिंटचं चिन्ह राहू द्या. त्यांना सांगा, हे वेगळं आहे, पण स्टार्ट इथेच आहे. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना शिकवलं, त्याला हे एक वाक्य नक्की पेलेल.

माझ्याकडे उबंटू आहे. ते मॅकसारखं दिसावं अशी फार इच्छा आहे. कुठून सुरुवात करू? – इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, म्हापसा

तुमच्याकडे जे आहे त्यातूनच. उबंटूचा डेस्कटॉप ग्नोमचाच आहे. उबंटूच्या सेटिंग्जमध्ये 'उबंटू डेस्कटॉप' या विभागात डॉक, म्हणजे आयकॉनांची पट्टी, खाली आणा आणि पॅनेल मोड बंद करा. डॉक कडेपर्यंत पसरण्याऐवजी मधोमध येईल. 'ग्नोम ट्वीक्स' बसवून खिडकीची बटणं डावीकडे घ्या. एवढ्यानेच अर्धं काम होतं. व्हाइटसर नावाची थीम आणि तिचे आयकॉन पुष्कळ जण वापरतात. 'बिग सर'वरून आलेलं ते नाव आहे. अक्षरांसाठी 'इंटर' हा मुक्त फॉन्ट घ्या. ॲपलचा सॅन फ्रान्सिस्को इथे वापरायला परवाना नाही, आणि इंटर दिसायला त्याच्या जवळचाच आहे.

इथपर्यंत सोपं. पुढे दोन भिंती लागतील. पहिली थीमची. मार्च 2022 च्या ग्नोम 42 पासून तिथली बरीच ॲप्स लिबअद्वैता या संचावर गेली आणि ती बाहेरची थीम सहजी जुमानत नाहीत. काही खिडक्या मॅकसारख्या, काही उबंटूच्याच, अशी सरमिसळ दिसते. व्हाइटसरमध्ये त्यावर तोड आहे, पण ती ओढूनताणून केलेली आहे. 2019 मध्ये ग्नोमच्या काही ॲपकर्त्यांनी जाहीर पत्रच लिहिलं होतं की वितरणांनी आमच्या ॲप्सवर परस्पर थीम चढवू नये. थीममुळे बटणावरची अक्षरं दिसेनाशी झाली तर तक्रार त्यांच्याकडे येते. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. तुमच्या स्वतःच्या संगणकावर तुम्ही काय करावं, हा प्रश्न वेगळा.

दुसरी भिंत वरच्या पट्टीची. 1984 च्या मॅकिंटॉशपासून मॅकचा मेनू पडद्याच्या माथ्यावर असतो, खिडकीत नाही. मॅकची खरी ओळख तीच, डॉक बराच नंतर आला. ग्नोममध्ये ही सोय नाही. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये 'ग्लोबल मेनू' विजेट वरच्या पट्टीवर टाकला की अनेक ॲप्सचे मेनू तिथे जाऊन बसतात. मॅकचं वेड मनापासूनचं असेल तर कुबंटू, म्हणजे केडीई असलेलं उबंटू, पेनड्राइव्हवरून चालवून पाहाच. फक्त तिथल्या 'ग्लोबल थीम' डोळे मिटून उतरवू नका. त्यांच्यासोबत प्रोग्रामही येतात आणि ते चालतातही. मार्च 2024 मध्ये अशाच एका थीममुळे एका वापरकर्त्याच्या सगळ्या खासगी फायली पुसल्या गेल्या आणि केडीईला जाहीर इशारा द्यावा लागला. रंग, आयकॉन, पट्ट्या स्वतः एकेक लावा. वेळ जास्त लागतो, पण काय कुठे आहे ते कळत जातं.

आणि बोटं! मॅकवर कॉपी-पेस्ट अंगठ्याजवळच्या कमांड कळीने होतं. टोशी किंवा किंटो ही साधनं त्या जागची कळ तशी वागायला लावतात. पुढेमागे खरा मॅक हाती येणार असेल तर डॉकच्या चकाकीपेक्षा याचाच उपयोग होईल.

ऑफिसात रोज वर्ड लागतं. लिब्रेऑफिसची वरची पट्टी बघून गोंधळायला होतं. शिवाय जुन्या मराठी फायली उघडल्या की ओळी सरकतात, काही ठिकाणी तर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. – एक वाचक, लातूर

पट्टीचं उत्तर एका ओळीचं आहे : व्ह्यू मेनूत 'यूझर इंटरफेस' उघडा आणि 'टॅब्ड' निवडा. वर्डच्या रिबनसारखी मांडणी येते. 2019 च्या 6.2 आवृत्तीपासून ती अधिकृत आहे. फायली नेहमी .डॉकएक्समध्ये जतन व्हाव्यात हेही ऑप्शन्समधल्या 'लोड/सेव्ह'मध्ये ठरवता येतं.

ओळी सरकतात त्या फॉन्टमुळे. कॅलिब्री लिनक्ससोबत येत नाही. पण कार्लिटो त्याच मापाचा आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराची रुंदी तेवढीच. कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन. हे बसवले की इंग्रजी मजकुराची पानं जागच्या जागी राहतात. मराठीत मंगलच्या जागी नोटो किंवा लोहित येतो. त्यांची मापं मंगलशी जुळतातच असं नाही, म्हणून पानांची संख्या महत्त्वाची असेल तर पीडीएफ पाठवा.

चित्रविचित्र चिन्हांचं दुखणं वेगळं. त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, नाहीत. श्री-लिपी, कृतिदेव, आयएसएम अशा जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. विंडोजच्या नव्या संगणकावरही तेच होईल, त्यात लिनक्सचा दोष नाही. कन्व्हर्टर वापरून एकदाच युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं, रफार नजरेखालून घाला. या कामाला कंटाळू नका. आपल्या ग्रामपंचायतींचे, शाळांचे, पतसंस्थांचे कितीतरी कागद अजून या फॉन्टांत अडकलेले आहेत.

टायपिंगसाठी, इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाण कळमांडणी येत असेल तर कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडा. इंग्रजी अक्षरांतून लिहायची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या साधनासोबत एम17एन बसवा, त्यात मराठीच्या फोनेटिक पद्धती आहेत. आणखी एक, लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा. ज्या फॉन्टांत सोय केलेली आहे, त्यांत मराठी वळणाचा ल आणि श आपोआप येतो. विंडोजच्या नादात हे राहून जातं.

जुने संगणक दुरुस्त करून विकायचं माझं दुकान आहे. त्यावर विंडोज 11 सारखं दिसणारं लिनक्स टाकून विकलं तर कायद्याची अडचण येईल का? – दुकानदार, कोल्हापूर

खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, खिडकीला तीन बटणं, ही मांडणी कुणाच्या मालकीची नाही असंच म्हणावं लागेल. ॲपलने 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टवर याच कारणासाठी खटला भरला होता. पडद्यावरच्या 189 गोष्टींची यादी कोर्टापुढे गेली. त्यातल्या बहुतेक 1985 च्या परवान्यातच बसत होत्या, उरलेल्यांतल्याही जवळजवळ कशालाच संरक्षण मिळालं नाही. 1994 च्या अपिलातही ॲपल हरली. नाव आणि चिन्ह यांचं मात्र तसं नाही. 2001 मध्ये 'लिंडोज' नावाचं लिनक्स निघालं आणि मायक्रोसॉफ्टने नावावरून दावा ठोकला. शेवट मजेशीर झाला : 2004 च्या तडजोडीत मायक्रोसॉफ्टनेच दोन कोटी डॉलर दिले. पण नाव बदलून 'लिन्स्पायर' करावं लागलंच.

हे दोन्ही अमेरिकेतले खटले. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आणि 1999 चा ट्रेडमार्क कायदा आहे. धंद्यात असताना मायक्रोसॉफ्टचा लोगो, त्यांचे आयकॉन, वॉलपेपर, सेगो फॉन्ट यांना हात लावू नका. झोरिन ओएस पाहा. आयर्लंडमधल्या दोन भावांचं काम आहे. त्यात विंडोजच्या वळणाची मांडणी एका क्लिकवर मिळते, आणि चिन्हं त्यांची स्वतःची आहेत.

माझा आग्रह कायद्याच्या पलीकडचा आहे. गिऱ्हाइकाला आधी सांगा आणि बिलावर 'लिनक्स' असं लिहा. जो माणूस टॅलीसाठी संगणक नेतोय, त्याला घरी गेल्यावर कळता कामा नये की टॅली यावर थेट चालत नाही. डिजिटल सहीचा टोकन लागणाऱ्यालाही त्याचा ड्रायव्हर दुकानातच चालवून दाखवा. प्रामाणिकपणे सांगून विकलेला लिनक्सचा संगणक परत येत नाही, असा माझा अनुभव आहे.

एका क्लिकमध्ये रूप बदलता येतं का? – एक वाचक, ठाणे

येतं. उबंटू माटे या उबंटूच्याच भावंडात 'माटे ट्वीक' उघडा. तिथे 'रेडमंड' निवडलं की विंडोजचं वळण, 'कुपर्टिनो' निवडलं की मॅकचं. दोन्ही कंपन्यांच्या मुख्यालयांच्या गावांची ती नावं आहेत. सुरक्षेच्या चाचण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या काली लिनक्समध्ये तर 2019 च्या अखेरीस 'अंडरकव्हर' नावाची सोय आली. चारचौघांत काम करताना कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून सगळा डेस्कटॉप विंडोज 10 सारखा दिसू लागतो, पुन्हा चालवलं की पूर्ववत.

अद्यतनानंतर माझी सगळी एक्स्टेन्शन्स बंद पडली. – एक वाचक, नाशिक

ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एक्स्टेन्शन, म्हणजे डेस्कटॉपला जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्राम, लिहिणाऱ्यांना दर वेळी मागून धावावं लागतं. ते बहुतेक फावल्या वेळात हे काम करतात. थोडे दिवस थांबा, 'एक्स्टेन्शन मॅनेजर'मध्ये नवी आवृत्ती आली का बघा. दहा एक्स्टेन्शन्स असतील तर तीनवर या.

मी एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोज 98 वर शिकले. तसाच पडदा मुलीला दाखवायचा आहे. जुना संगणक आहे. – एक वाचक, न्यू जर्सी

एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेलं कुठलंही लिनक्स घ्या आणि 'शिकागो95' ही थीम बसवा. करडी पट्टी, उठावाची बटणं, कचऱ्याची टोपली, सगळं त्या काळातलं. ती 95 ची आहे, म्हणून खिडकीची शीर्षपट्टी सलग गडद निळी दिसेल. तुमच्या 98 मध्ये ती डावीकडून उजवीकडे फिकी होत जायची. मागे चित्र नको, सपाट हिरवट-निळा रंग ठेवा. जुना चौकोनी मॉनिटर सापडला तर तोच जोडा, रुंद पडद्यावर तो काळ तसा दिसत नाही. मग मुलीला माउस द्या आणि स्टार्ट कुठे आहे ते तिचं तिलाच शोधू द्या.