नंबर वाढला, आता सैन्याचं काय?

बारावीच्या उंबरठ्यावरची मुलं आणि त्यांचे पालक एक प्रश्न हमखास घेऊन येतात: "सर, चष्मा आहे. एनडीएत चालेल का? नाहीच चालला, तर काही सूट मिळते का?" एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, बारावीनंतर सैन्यात अधिकारी होण्याची वाट. बहुतेकांनी चष्मा घालवणाऱ्या लेसर ऑपरेशनची चौकशी आधीच करून ठेवलेली असते.

सुजयचं (नाव बदललं आहे) असंच होतं. वय सतरा, गणितात हुशार, धावण्यात सरस. डोळ्यांच्या कागदावर उजवा उणे तीन, डावा उणे पावणेतीन, सिलिंडर, म्हणजे तिरप्या दृष्टिदोषाचा नंबर, जवळजवळ नाहीच. वडिलांनी ऑपरेशनची तारीखही धरली होती. म्हणाले, "अठरा पूर्ण झाले की लगेच करून टाकतो. चष्मा गेला की प्रश्न मिटला."

मी त्यांना एनडीए परीक्षेच्या अधिसूचनेचं वैद्यकीय परिशिष्ट उघडून दिलं. ते कुणी वाचत नाही. अभ्यासक्रम पाठ असतो, परिशिष्ट कोरं. अलीकडच्या अधिसूचनांप्रमाणे एनडीएतून भूदलात जायचं तर चष्म्याविना दृष्टी किमान ६/३६ लागते, चष्म्यासह दोन्ही डोळ्यांना ६/६, आणि लघुदृष्टीचा नंबर उणे अडीचच्या आत. लेसर केलेला डोळा या प्रवेशाला चालतच नाही. म्हणजे ऑपरेशन करूनही सुजय बाहेरच राहिला असता.

पुढची ओळ जास्त महत्त्वाची होती. पदवीनंतरच्या भूदल प्रवेशांना, म्हणजे सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा), एनसीसी विशेष प्रवेश वगैरेंना, नंबरची मर्यादा उणे साडेतीनच्या आत आहे आणि चष्म्याविना ६/६० चालतं. तिथे लेसरही चालतं, पण ते वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी केलेलं नसावं आणि तपासणीआधी बारा महिने उलटलेले असावेत. वडील तो परिच्छेद दोनदा वाचत राहिले. अठराव्या वर्षी केलेलं ऑपरेशन एनडीएच्या कामाचं नव्हतंच, वर पदवीनंतरची वाटही त्यानेच बंद झाली असती. आणि सुजयच्या आजच्या नंबरला त्या वाटेवर ऑपरेशनची गरजच नव्हती!

"पण चष्मा गेल्यावर डोळा चांगलाच झाला ना?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. लेसर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतं. लघुदृष्टीत डोळ्याचा गोळा सहसा लांबट झालेला असतो, तो तसाच राहतो. मागचा पडदा ताणलेला असतो, तोही तसाच राहतो. म्हणून भूदल नुसता तक्ता वाचून घेऊन थांबत नाही. लेसर केलेल्या डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, पारदर्शक पडद्याची जाडी किमान ४५० मायक्रॉन हवी, मागचा पडदा निरोगी हवा, असं पाहतात. हवाई दलात वैमानिकाचे निकष तर वेगळेच.

आता सूट मिळण्याबद्दल. परदेशातल्या काही सैन्यांत वैद्यकीय अट शिथिल करून घेण्याची रीत आहे, त्याचे व्हिडिओ मुलं पाहतात. आपल्याकडे उमेदवाराला तशी सूट मागता येत नाही, दाद मागता येते. एसएसबीनंतरच्या, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीनंतरच्या, वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवलं तर ४२ दिवसांच्या आत अपील मंडळापुढे जाता येतं. तिथेही नकार आला तर पुनर्विलोकन मंडळासाठी लगेच अर्ज करायचा. तो मंजूर होईलच असं नाही, हक्क म्हणून ते मिळत नाही. ही मंडळं निकष बदलत नाहीत, मोजमाप पुन्हा करतात. उणे अडीचच्या काठावरच्या मुलाला अपिलात अर्थ आहे, उणे चारवाल्याला नाही. "आमची वर ओळख आहे" म्हणणाऱ्या दलालाला तर दारातच उभं करू नये.

सुजयची खरी अडचण वेगळीच निघाली. वडील बाहेर गेल्यावर म्हणाला, "सर, एनडीए नाही म्हटल्यावर मित्रांना काय सांगू?" त्यावर आम्ही पुष्कळ वेळ बोललो. त्याच्या डोक्यात अधिकारी होणं म्हणजे खडकवासलाच होतं. पदवीनंतर जिथे जातात त्या देहरादून आणि चेन्नईच्या प्रबोधिनींतूनही लेफ्टनंटच बाहेर पडतो, हे त्याला माहीत होतं, पटलेलं नव्हतं. एका बैठकीत पटलंही नाही. दोन महिने तो माझ्याकडे फिरकला नाही, आईचा फोन तेवढा यायचा.

मग स्वतःहून आला, बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन आणि एनसीसीत नाव घालून. आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. नंबर पाव अंकाने वाढून उजवा सव्वातीन झाला आहे, म्हणजे मर्यादेच्या जवळ. म्हणून दर सहा महिन्यांनी एकाच नेत्रतज्ज्ञाकडे तपासणी होते. नंबर साडेतीनला टेकला तर वीस पूर्ण झाल्यावर लेसरचा विचार करायचा, त्याआधी डोळ्याची लांबी मोजून घ्यायची आणि त्या वर्षीचं परिशिष्ट पुन्हा वाचायचं, असं ठरलं आहे. निकष बदलत असतात, मी वर दिलेले आकडेही तुमच्या अर्जाच्या वेळी ताडून पाहा.