दिल्ली पासिंगची जुनी डिझेल गाडी प्रत्यक्ष न पाहता ऑनलाइन घ्यावी का?

आपण चोपडा तालुक्यातून विचारले आहे की, ऑनलाइन जाहिरातीतली २०१६ सालची दिल्ली पासिंगची डिझेल गाडी जळगावच्या भावापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे, विक्रेता दहा हजार रुपये टोकन मागतो आहे आणि गाडी ट्रेलरवर चढवून घरपोच पाठवतो म्हणतो. तर ती न पाहता घेण्यात कितपत धोका आहे? मी जळगाव जिल्ह्यात मोटार विम्याच्या दाव्यांचा सर्वेक्षक म्हणून काम करतो. अपघातात चेपलेल्या, पाण्यात बुडालेल्या आणि पुन्हा चकचकीत होऊन बाजारात उभ्या राहिलेल्या गाड्या पाहणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. टोकन आज पाठवू नये, हे माझे पहिले उत्तर. लांबून गाडी घेणे मुळातच चूक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. या व्यवहारात बहुतेक माणसे बुडतात ती पैसे आधी गेले आणि कागद मागून येणार होते म्हणून. गाडी दूरच्या शहरात उभी होती, हे त्याचे खरे कारण क्वचितच असते.

प्रथम स्वस्ताईविषयी. दिल्लीतली जुनी डिझेल गाडी स्वस्त असण्याला एक प्रामाणिक कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या आदेशांमुळे राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यावर बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला अंतरिम स्थगिती देऊन काही दिलासा दिला, परंतु अनिश्चितता आली की भाव पडतोच. त्यामुळे वयात आलेल्या गाड्या तिथले मालक दुसऱ्या राज्यांत विकतात. इतपत ठीक आहे. मात्र ही स्वस्ताई आपल्या दारापर्यंत येताना पुष्कळ आटते. गाडी कायमची महाराष्ट्रात आणायची तर इथला एकरकमी कर भरावा लागतो, तो मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो, आणि डिझेलसाठी त्याचा दर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. दिल्लीत भरलेल्या कराचा काही परतावा मिळू शकतो, पण तो तिथल्या कार्यालयाकडे मागावा लागतो, आणि चोपड्यात बसून त्याचा पाठपुरावा करणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. त्यात वाहतूक, नवा विमा आणि एजंटाचे पैसे मिळवा. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०१६ च्या गाडीची मुदत २०३१ ला संपते आणि त्यानंतर तंदुरुस्तीची तपासणी होऊनच नूतनीकरण होते. ही सर्व बेरीज करून जर एमएच-१९ म्हणजे जळगाव पासिंगच्या तशाच गाडीपेक्षा चाळीस-पन्नास हजारांचाच फरक उरत असेल, तर एवढी दगदग करण्यात मला अर्थ दिसत नाही. जळगावच्या परिवहन कार्यालयात जाऊन ‘या वयाची, या उत्सर्जन मानकाची दिल्लीची गाडी इथे चढेल का आणि कर किती बसेल’ एवढे आधी विचारून यावे. त्याला खर्च काही नाही.

आता टोकनाकडे येतो, कारण यात गाडीच अस्तित्वात नसण्याचा धोका आहे. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, गाडी छावणीत उभी आहे, म्हणून पडत्या भावात देतो’ असे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारे आणि मग वाहतुकीचा खर्च, गेटपास, विमा अशा नावांनी पुन्हा पुन्हा पैसे मागणारे भामटे देशभर आहेत. फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले असतात. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही किंवा पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवावे. विक्रेता खरा आहे का, हे पाहण्याची साधी रीत अशी: त्याला लगेच व्हिडिओ कॉल करायला सांगावे, आणि त्याच कॉलमध्ये नंबरप्लेट, बॉनेटखालचा चेसिस नंबर, मीटर आणि मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) एका पाठोपाठ एक, मध्ये कॉल न तोडता दाखवायला सांगावे. ज्याच्यापाशी गाडी आहे त्याला हे दहा मिनिटांचे काम आहे. ‘गाडी गोडाऊनला आहे, उद्या दाखवतो, पण आज दुसरे गिऱ्हाईक आले आहे’ असे उत्तर आले, तर पुढे बोलण्याची गरज नाही. पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.

गाडी खरी निघाली, तर कागद. आपल्याकडे शेतजमीन घेताना सातबारा काढून इतर हक्कांत कुणाचा बोजा आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही; गाडीच्या बाबतीत मात्र तोच माणूस फोटो पाहून पैसे पाठवतो. परिवहन विभागाच्या एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, मालक कितवा आहे आणि कर्जाचा बोजा आहे का, हे कळते. बँकेचे कर्ज फिटले असले तरी आरसीवरचे बँकेचे नाव आपोआप जात नाही. त्यासाठी बँकेची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि नमुना ३५ लागतो. ते काम विक्रेत्याने आधी पूर्ण करून द्यावे, ‘नंतर करून देतो’ हे ऐकून घेऊ नये. परराज्यातली गाडी म्हणून तिथल्या नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते, आणि ते जळगाव कार्यालयाच्या नावे असावे लागते. हस्तांतराचे नमुने २९ आणि ३० यांना बाजारात टीटी फॉर्म म्हणतात. कोरे सही केलेले टीटी फॉर्म देऊन ‘कागद क्लिअर’ असे सांगितले जाते, पण हल्ली प्रक्रिया ऑनलाइन असल्याने आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि गाडी जर तीन दलालांच्या हातून आली असेल तर तो मोबाइल कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसते. म्हणून आरसीवर ज्याचे नाव आहे त्या माणसाशी स्वतः बोलावे. मूळ मालक वारलेला असेल तर सही करणारा वारस आहे का आणि नमुना ३१ झाला आहे का, हे पाहावे. थकलेली ई-चलने पोर्टलवर दिसतात. चोरीच्या वाहनांच्या नोंदीशी गाडी पडताळून पाहण्याची सोय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर आहे, तिचा उपयोग फारसे कोणी करत नाही. विक्रेता व्यापारी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र असले पाहिजे आणि गाडी मालकाकडून त्याच्या ताब्यात आल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये दिलेली असली पाहिजे. ती मागावी, खरा व्यापारी रागावत नाही.

माझ्या कामाशी ज्याचा थेट संबंध आहे आणि जे जाहिरातीतल्या फोटोत कधीच दिसत नाही, ते म्हणजे टोटल लॉस. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ती गाडी पूर्ण नुकसान धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो. कायद्याप्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्यायला हवी, परंतु ते नेहमी होत नाही, आणि मग सांगाड्यासोबत जिवंत आरसीही विकली जाते. तिथून दोन वाटा फुटतात. एकात ती गाडी स्वस्तात ठोकून-रंगवून पुन्हा विकली जाते. एअरबॅग उघडलेल्या असतात, नव्या महाग पडतात, म्हणून कव्हर शिवून बसवतात आणि डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा पेटू नये अशी व्यवस्था करतात. दुसरी वाट याहून वाईट आहे: त्याच मॉडेलची चोरीची गाडी आणून तिच्यावर या आरसीचा चेसिस नंबर ठोकला जातो. अशी गाडी उघडकीस आली की पोलीस ती जप्त करतात, आणि आपण पूर्ण पैसे मोजले होते याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून चालू विमा पॉलिसीचा क्रमांक मागून घ्यावा आणि मागील दाव्यांची माहिती मालकाला त्याच्या विमा कंपनीकडून लेखी मागवायला सांगावी. मालकाने टाळाटाळ केली, तर आपल्याला उत्तर मिळालेच असे समजावे.

पुरात बुडालेल्या गाडीचेही असेच. चेन्नईत २०१५ साली आणि केरळात २०१८ साली महापूर आले, मुंबईत तर दर काही वर्षांनी पाणी तुंबते, आणि बुडालेली गाडी धुऊन-सुकवून दूरच्या राज्यात विकणे सोपे असते. इंजिन महिना दोन महिने बरे चालते, नंतर वायरिंगच्या जोडांना गंज चढतो आणि एकेक यंत्रणा बंद पडू लागते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला तर आतल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि गालिच्याखाली चिखल सापडतो. हे व्हिडिओवर अर्धवट दिसते, वास तर येतच नाही.

मीटर मागे फिरवण्याविषयी सर्वांना माहीत आहे, म्हणून एवढेच सांगतो की कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मागाव्यात. शेवटच्या सर्व्हिसला ९०,००० किलोमीटर आणि आज मीटरवर ६२,०००, असे निघाले की वाद संपतो. आपल्या भागासाठी एक जादा गोष्ट आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला जातो, आणि थंडीत दिल्लीत पाहिलेल्या गाडीचा एसी, रेडिएटर आणि हेड गॅस्केट यांची परीक्षा झालेलीच नसते. तपासणाऱ्याला सांगावे की गाडी उभी ठेवून, एसी पूर्ण चालवून, वीस-पंचवीस मिनिटे तापमानाच्या काट्याकडे पाहा.

तपासणारा कोण, हा प्रश्न उरतो. ऑनलाइन कंपन्या शेकडो मुद्द्यांच्या तपासणीचा अहवाल देतात. तो निरुपयोगी नसतो, पण तपासणाऱ्याचा पगार विकणाऱ्याकडून येतो आणि अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत जबाबदारी झटकलेली असते. त्यापेक्षा त्या शहरातला आपल्या पैशाने नेमलेला मेकॅनिक बरा, आणि सर्वांत बरे स्वतः जाणे. भुसावळहून दिल्लीला थेट रेल्वेगाड्या आहेत. गाडी जीजे-०५ पासिंगची, म्हणजे सुरतेची, असती तर मी न पाहता घेण्याचा विषयच काढू दिला नसता, कारण सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेरला किंवा धरणगावला बसले की काही तासांत आपण तिथे असतो. कंपनीने काही दिवसांत गाडी परत घेण्याची हमी दिली असेल, तर किलोमीटरची मर्यादा आधी वाचावी आणि गाडी आल्याच्या दिवशीच ती जळगावला नेऊन लिफ्टवर चढवावी. पूजा आणि पेढे दुसऱ्या दिवशी केले तरी चालतात.

पैशांचा क्रम मी असा ठेवीन. आरसी, बोजा, दावे आणि चलने यांची पडताळणी होईपर्यंत काहीही देऊ नये. त्यानंतर लेखी करार करून थोडी रक्कम आरसीवरच्या नावाच्याच बँक खात्यात द्यावी, आणि करारात किलोमीटर, अपघात किंवा पुराचा इतिहास, मालक क्रमांक ही विधाने विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्यावीत. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. न पाहता घेणाऱ्याचे हेच मोठे हत्यार आहे, पण वर्णन लेखी असेल तरच. मोठी रक्कम नमुना २८ हातात आल्यावर आणि गाडी तपासल्यावर द्यावी, आणि काही हिस्सा आरसीवर आपले नाव चढेपर्यंत राखून ठेवावा. विक्रेता व्यवसाय म्हणून गाड्या विकत असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात, आपल्या राहत्या ठिकाणी, तक्रार करता येते. एकटा खाजगी मालक असेल तर ती वाट बहुधा बंद असते आणि दिवाणी दाव्यासाठी दिल्ली गाठावी लागू शकते.

गाडी आल्यावर मोटार वाहन कायद्याप्रमाणे ३० दिवसांत आपण हस्तांतराची सूचना द्यायची असते, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा विमा गाडीसोबत येतो असे कायदा मानतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा येत नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असताना बिजासन घाटात गाडी आदळली, तर तो दावा नामंजूर होतो, आणि असे कागद माझ्या टेबलावर नेहमी येतात. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, तो आपल्याला मिळत नाही, हेही हिशेबात धरावे. म्हणून गाडी चालकाकरवी रस्त्याने न आणता ट्रेलरवरच आणावी आणि वाहतूकदाराचा मार्गातला विमा आहे का, हे पावतीवर लिहून घ्यावे. जुना फास्टॅगही विक्रेत्याला बंद करायला सांगावा.

आपल्या विक्रेत्याला आज एवढेच कळवावे: व्हिडिओ कॉलवर चेसिस नंबर आणि मूळ आरसी दाखवा, पॉलिसीचा क्रमांक आणि सर्व्हिसच्या नोंदी पाठवा, आणि जळगावच्या नावे एनओसी काढायला तयार आहात का ते सांगा. तीनही गोष्टींना होकार आला तर दिल्लीचे तिकीट काढा.