उतरताना दुखणारा गुडघा : वंगणाच्या पावडरीआधी हे तपासा

तुम्ही लिहिता : वय ३४, सिंहगड चढताना काही नाही, उतरताना मात्र गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठणका, आणि जिममधल्या कुणीतरी ‘सांध्यातलं वंगण कमी झालंय’ म्हणून पावडर सुचवली. तुमच्या वर्णनावरून माझा संशय वंगणावर नाही, गुडघ्याच्या वाटीवर आहे.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो आणि वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. पाच दिवस खुर्चीत बसायचं आणि रविवारी एकदम गड गाठायचा, मग मांडीचे आणि नितंबाचे स्नायू कमी पडतात आणि तो दाब सोसत नाही. जिना उतरताना, उकिडवं बसताना, एसटीत दोन-तीन तास पाय दुमडून बसल्यावरही दुखत असेल, तर बहुधा हेच. नुसता कटकट आवाज येतो, दुखत नाही, तर तो सोडून द्या.

दुखणं गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असेल तर मांडीच्या बाजूने खाली येणारा पट्टा घासला जात असण्याची शक्यता. उतारावर पळणाऱ्यांना हे फार होतं. गुडघा मुरगळल्यानंतर सुरू झालं, गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, तर सांध्यातली गादी फाटलेली असू शकते. सांध्याची झीज साधारण पन्नाशीनंतरची. तिच्यात सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो. तासभर सुटत नसेल आणि हाताची बोटंही धरत असतील तर आमवाताची तपासणी करा. मधे चिकुनगुन्या झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याची सांधेदुखी कित्येक महिने रेंगाळते.

युरिक ॲसिडचंही विचारलंत. रिपोर्टमध्ये थोडं वाढलेलं दिसलं म्हणून दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडू नका. त्याचा झटका आला की सांधा एका रात्रीत लाल, गरम होऊन सुजतो. तशा सुजेसोबत ताप असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता असते, मग त्याच दिवशी दवाखाना.

पावडरीचे पैसे वाचवा, त्यात दोन ट्रेकिंगच्या काठ्या येतील. काही आठवडे गड नको, सपाटीवर चाला. उताणं पडून पाय सरळ उचलणे, भिंतीला पाठ लावून अर्धं बसणे हे व्यायाम एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही तर ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा, पण आपल्या मनाने एमआरआय काढून नेऊ नका. आधी त्यांना हात लावून गुडघा तपासू द्या.