सिस्टर आणि सीएचओंवर (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांवर) देखरेख करताना रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस (घडलेल्या प्रसंगाकडे मागे वळून बघत त्यातून शिकणं) मासिक सभेत घेता येईल का?

तुम्ही पुणे जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून नव्याने रुजू झाला आहात, म्हणून स्पष्टच सांगते: मासिक सभेत नको. तिथे लसीकरणाचं टार्गेट आणि पोर्टलवरच्या राहिलेल्या नोंदी निघतात. आकडा कमी पडला म्हणून सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं, तिथे "त्या पेशंटशी बोलताना माझा तोल गेला" असं कोण सांगेल?

असं मागे वळून बघण्यासाठी शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चक्रात सहा पायऱ्या आहेत: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय झालं, तसं का झालं, त्यातून काय कळलं आणि पुढे काय करायचं. आपण डॉक्टर लोक पहिलीवरून थेट सहावीवर उडी मारतो. घटना ऐकली की सूचना देऊन मोकळे. माझ्या मते खरं काम दुसऱ्या पायरीवर आहे.

एक उदाहरण देते, ओळखीच्या खुणा बदलून. बीपीच्या एका वयस्कर पेशंटने उपकेंद्रात येऊन वारीपुरत्या गोळ्या मागितल्या. सिस्टर म्हणाल्या, "या वयात चालत जाऊ नका, वाटेत काही झालं तर?" आजोबा गोळ्या न घेताच गेले. मी "वारी संपेपर्यंतच्या गोळ्या द्यायच्या होत्या" एवढं सांगून उठू शकले असते, आणि ते चूकही नव्हतं. त्याऐवजी विचारलं, "त्यांनी वारीचं नाव काढलं तेव्हा तुमच्या मनात काय आलं?" सिस्टरच्या सासऱ्यांना प्रवासातच अर्धांगवायूचा झटका आला होता. त्या घाबरल्या होत्या, आणि आजोबांना मात्र ऐकू आली ती मनाई.

एवढं उलगडल्यावर पुढचं त्यांनीच सुचवलं. पालखी निघायच्या आधी आशाताईंकडून वारीला जाणाऱ्या बीपी-शुगरच्या पेशंटची यादी घ्यायची, प्रत्येकाचं बीपी बघायचं, सगळ्या दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि औषधाचं नाव व डोस लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवायला सांगायची. माझ्या सूचनेने फार तर त्या एका आजोबांना गोळ्या मिळाल्या असत्या. सिस्टरची भीती पुढच्या पेशंटपुढे तशीच उभी राहिली असती.

त्यामुळे उपकेंद्राच्या भेटीत रजिस्टर तपासून झालं की अर्धा तास वेगळा ठेवा. एकच केस घ्या, आणि ती त्यांनी निवडलेली असू दे. "असं का केलंत?" हा प्रश्न टाळा, त्याने माणूस लगेच खुलासा द्यायला लागतो. फॉर्म भरून घेऊ नका. फॉर्म आला की साहेबांना आवडेल ते लिहिलं जातं.

एक अडचण खरी आहे: त्यांच्या गोपनीय अहवालात तुमचं मत जाणार असेल, तर त्या मनातलं का सांगतील? म्हणून बसण्याआधीच सांगून टाका की पेशंटला धोका पोचलेली गोष्ट मला वर कळवावी लागेल, बाकी काहीही अहवालात जाणार नाही. आणि ते पाळा. तरीही बोलणं मोकळं होत नसेल, तर शेजारच्या केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी अदलाबदल करा. ते तुमच्या सिस्टरांबरोबर बसतील, तुम्ही त्यांच्या.